जगलेल्या रोपाचेच पैसे
अभ्यासपाठ : माती, नदी आणि समुद्र



हा पाठ मासिक बैठकीत वाचायचा आहे. हजेरी, बचत, कर्जाचे हप्ते असं सगळं झालं की एकीने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी मध्येच थांबवून बोलावं. लांबी जरा जास्त आहे, म्हणून दोन बैठकांत वाचला तरी चालेल.

आधी एक प्रश्न. गेल्या पावसाळ्यात तुमच्या गटाने किंवा ग्रामसंघाने किती झाडं लावली? बऱ्याच गटांना आकडा तोंडपाठ असेल. इतिवृत्तात लिहिलेला असेल, फोटोही असतील. आता दुसरा प्रश्न. त्यातली आज किती जिवंत आहेत?

इथे सगळ्या एकमेकींकडे बघायला लागतात, हे मी पाहिलंय. माझ्या माहेरी शाळेच्या कुंपणाजवळ एक खड्डा आहे. मी सातवीत होते तेव्हापासून दर जुलैत त्यात नवं रोप लागतं. मार्चपर्यंत ते शेळीने खाल्लेलं तरी असतं, नाहीतर वाळलेलं तरी. पुढच्या जुलैत पुन्हा तोच खड्डा, नवं रोप, नवे पाहुणे. हसू नका, तुमच्या गावातही असा एखादा खड्डा असेलच.

हा दुसरा प्रश्न एका बाईने सगळ्या देशभरच्या कामाच्या पायाशी ठेवला. तिने हे काम शेतकरी बायांच्या गटांकडून करून घेतलं. ते कसं चाललं, हिशेब कसा ठेवला, कुठे फसलं, ते आज बघू.

देश आहे केनिया. आपल्या कोकण किनाऱ्यावरून समुद्रातून नैऋत्येला जात राहिलं की आफ्रिकेचा जो किनारा लागतो, तिकडचा. बाईंचं नाव वांगारी मथाई. १९४० साली न्येरी भागातल्या एका डोंगराळ खेड्यात त्या जन्मल्या. घरच्या मुलींना शाळेत पाठवायची पद्धत नव्हती. त्यांच्या मोठ्या भावाने घरात विचारलं की आम्ही शाळेत जातो, मग वांगारी का जात नाही? आईने विचार केला आणि पाठवलं. त्या एका प्रश्नामुळे पुढे काय काय घडलं बघा. शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिक्षण झालं, परत येऊन १९७१ मध्ये नैरोबीत डॉक्टरेट मिळवली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली बाई. विषय होता जनावरांची शरीररचना.

पण त्यांच्या कामाचं बी लहानपणीच पडलं होतं. घराजवळ एक मोठं झाड होतं, आपल्या वड-उंबराच्या कुळातलं. आईने बजावलं होतं की या झाडाची काटकीसुद्धा सरपणाला आणायची नाही, हे देवाचं झाड आहे. आपल्यालाही उंबराबद्दल असंच सांगितलं जातं, देवराईबद्दलही. त्या झाडाजवळून एक झरा वाहायचा. लहानगी वांगारी पाणी भरायला जायची आणि बेडकाच्या अंड्यांची माळ हातात घेऊ बघायची. माळ तुटून जायची. अमेरिकेहून परतल्यावर त्यांना कळलं की ती जमीन दुसऱ्याच्या ताब्यात गेली, त्याने चहा लावायला जागा हवी म्हणून झाड पाडलं, आणि झराही आटला. मग त्यांच्या लक्षात आलं की त्या झाडाची मुळं खोल खडकात शिरून खालचं पाणी वर यायला वाट करून देत होती. आईने सांगितलेलं देवाचं कारण आणि शाळेत शिकलेलं पाण्याचं कारण एकाच जागी येऊन मिळालं.

सत्तरच्या दशकात त्या गोचिडांमुळे जनावरांना होणाऱ्या रोगाचा अभ्यास करायला खेड्यांत फिरत होत्या. बघायला गेल्या गोचिड, आणि दिसल्या हाडं निघालेल्या गाई. गवतच नव्हतं. पावसात नद्या लाल-तपकिरी होऊन वाहत होत्या. ती शेतातली माती होती. इंग्रजांच्या राज्यात डोंगरावरचं मूळचं जंगल तोडून निलगिरी आणि पाइनची लागवड झाली होती, चहा-कॉफीचे मळे झाले होते. स्वातंत्र्यानंतरही तेच चालू राहिलं, कारण रोख पैसा त्यातच होता.

त्याच सुमाराला त्या केनियाच्या राष्ट्रीय महिला परिषदेत काम करत होत्या. तिथे खेड्यातल्या बाया काय सांगायच्या? सरपण मिळत नाही, लांब जावं लागतं. पाणी गढूळ आहे. पोरांना पोटभर चांगलं खायला नाही. हे तिसरं जरा समजून घ्या, कारण आपल्याही घरात हे घडतं. कडधान्य शिजायला वेळ आणि सरपण लागतं. सरपण नसलं की बाई लवकर शिजणाऱ्या, नाहीतर विकतच्या तयार वस्तूंकडे वळते. पांढरा पाव, पांढरा भात, मक्याचं पीठ. पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. म्हणजे डोंगरावरचं झाड गेलं, आणि त्याची वाट थेट मुलाच्या ताटापर्यंत आली. तिन्ही तक्रारींचं मूळ वांगारीबाईंना एकाच जागी दिसलं, आणि उपायही त्या बायांच्याच हातात दिसला.

आता फसलेलं सांगते, कारण आपल्या वार्तापत्रात फक्त यशोगाथा छापतात अशी तक्रार मागच्या सभेत आली होती, आणि ती खरी आहे. त्यांनी आधी रोपं तयार करून विकायचा एक छोटा व्यवसाय काढला. प्रदर्शनात रोपं मांडली. लोकांनी बघितली, चौकशी केली, कौतुक केलं. विकत कोणी घेतली नाहीत. शेवटी बरीच रोपं वाळून गेली. मग ५ जून १९७७ ला, पर्यावरण दिनी, महिला परिषदेने नैरोबीत मिरवणूक काढली आणि एका मैदानात सात झाडं लावली. सातच. त्यातलीसुद्धा दोनच जगली.

आपण असतो तर काय केलं असतं? पुढच्या वर्षी सातशे लावली असती. कार्यक्रम मोठा केला असता, मंडप मोठा घातला असता. वांगारीबाईंनी उलट विचार केला की पाच का मेली. उत्तर सोपं होतं. लावणारे निघून गेले आणि ती झाडं कुणाचीच नव्हती. मग त्यांनी काम शहरातल्या मैदानावरून उचलून गावातल्या बायांच्या शेतात, घराभोवती, शाळेभोवती नेलं. झाड त्याचंच, ज्याला त्याची सावली आणि सरपण मिळणार.

रोपं आणायची कुठून? त्या वनखात्यात गेल्या आणि देशातल्या माणसांइतकी, म्हणजे सुमारे दीड कोटी रोपं लावायची आहेत म्हणून सांगितलं. अधिकारी हसले. म्हणाले, न्या की, हवी तेवढी न्या, फुकट न्या. त्यांना वाटलं होतं, बाया किती नेणार? वर्षाच्या आत बायांनी इतकी रोपं नेली की फुकटचा शब्द मागे घ्यावा लागला. मग बायांनी ठरवलं की रोपं आपणच करायची.

शिकवायला वनखात्याची माणसं आली. त्यांनी जमिनीचा उतार, यंत्रं, मापं असं काय काय सांगितलं. बायांच्या डोक्यावरून गेलं. मग बायांनीच विचार केला की आपण मका लावतो, घेवडा लावतो, बी पेरल्यावर काय करायचं ते आपल्याला कळतं. झाडाचंही बीच ना? त्यांनी जवळच्या रानातून त्याच मातीतल्या झाडांचं बी गोळा केलं. फुटकी मडकी, जुने डबे, फुटके कप, त्यांना तळाला भोक पाडून त्यात रोपं केली. कोंबड्या-शेळ्यांपासून लांब, उंचावर ठेवली. काही जमलं, काही फुकट गेलं, पण एकीला जमलं की तिने दुसरीला शिकवलं. पदवी नसलेल्या वनाधिकारी, असं वांगारीबाई त्यांना कौतुकाने म्हणत.

आता या पाठाचा गाभा. हे काम हरित पट्टा चळवळ या नावाने देशभर पसरलं. नाव तसं पडलं, कारण एकेकटं झाड न लावता निदान हजार झाडांची ओळ, म्हणजे पट्टा लावायचा, असं ठरवलं होतं. आणि त्यांनी कामाच्या दहा पायऱ्या ठरवल्या होत्या. सगळ्या सांगत बसत नाही, पण तीन गोष्टी वहीत लिहून घ्या.

एक, रोप मागणाऱ्याने आधी खड्डा खणून दाखवायचा. गटाच्या बाया जाऊन खड्डा बघणार, मगच रोप हातात. खड्डा नाही तर रोप नाही. दोन, रोप दिल्यावर काम संपलं नाही. गटाने पुन्हा पुन्हा जाऊन बघायचं की ते जगलंय का, आणि मुख्य कार्यालयाला कळवायचं. आणि तीन, गटाला पैसे मिळायचे ते जगलेल्या रोपांचे. पेरलेल्या बियांचे नाहीत, वाटलेल्या रोपांचे नाहीत, खड्ड्यांचेही नाहीत. एका जगलेल्या रोपाला अमेरिकन चार सेंट. आजच्या हिशेबात साधारण साडेतीन रुपये.

बघा, या एका नियमाने किती गोष्टी जागेवर आल्या. आकडा फुगवून फायदा नाही, कारण मेलेल्याला पैसे नाहीत. शेळी आत शिरली तर नुकसान गटाचं, म्हणून राखण आपोआप होणार. पाणी कोण घालणार, यावर सभा घ्यायची गरज नाही. आणि ज्या बाईच्या हातात कधी स्वतःचा पैसा आला नव्हता, तिला स्वतःच्या नावावर थोडा का होईना पैसा आला. १९८१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिलांसाठीच्या निधीतून पैसा मिळाला आणि काम एकदम वाढलं, पण तोवर हिशेबाची ही पद्धत बसलेली होती. आधी पद्धत, मग निधी. आपल्याकडे बऱ्याचदा निधी आधी येतो.

आपल्याला ही पद्धत अगदी अनोळखी नाही. फळबागेचं अनुदान घेतलेल्या ताईंना विचारा. पुढचा हप्ता देताना झाडं किती जगली ते बघायला येतातच. आणि आपण कर्ज देताना काय करतो? किती वाटलं एवढंच बघत नाही. परतफेड किती झाली, ते बघून गटाची प्रत ठरते. रोप वाटणं म्हणजे कर्जवाटप, आणि रोप जगणं म्हणजे परतफेड. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

एक गोष्ट मला खटकते, ती पण सांगते. चार सेंट म्हणजे काहीच नाही. डोंगर वाचला, नदी सुधारली, शहराला पाणी मिळालं, त्याचा फायदा सगळ्या देशाला. आणि बाईच्या हातात चार सेंट! वांगारीबाईंचं म्हणणं होतं की खरा मोबदला सरपण, चारा, फळं आणि थांबलेली माती हा आहे, पैसा फक्त हुरूप यायला. मला ते अर्धंच पटतं. बाईच्या श्रमाला हुरूप म्हणायची सवय आपल्याकडेही फार आहे. तुमच्या गटात यावर नक्की भांडा.

चळवळीत फक्त रोपांचं शिक्षण नव्हतं. गावात शिबिर घेऊन त्या लोकांना त्यांच्या अडचणी सांगायला लावत. फळा भरून जायचा. मग विचारत, या अडचणी आल्या कुठून? सगळे म्हणायचे, सरकारमुळे. मग त्या चुकीच्या गाडीत बसलेल्या माणसाचं उदाहरण द्यायच्या. गाडी भलतीकडे का चालली? कुणाला विचारलं नाही, पाटी वाचता आली नाही, कुणी चुकीचं सांगितलं, की डुलकी लागली? मग लोक स्वतःच बोलायला लागायचे की उतारावर बांध न घालता नांगर आपणच घातला, ओढ्याकाठचं झाड आपणच विकलं. सरकारची चूक आहेच, ती सोडायची नाही. पण आपली बाजूही फळ्यावर लिहायची.

आणि सरकारची चूक त्यांनी खरंच सोडली नाही. १९८९ मध्ये नैरोबीतल्या उहुरू बागेत साठ मजली इमारत उभी करायचं ठरलं. त्या शहरात गोरगरिबांना रविवारी पोरं घेऊन बसायला ती मोकळी जागा होती. वांगारीबाईंनी पत्रांवर पत्रं लिहिली. संसदेत त्यांची टिंगल झाली, घटस्फोटित बायांचं टोळकं म्हणून हिणवलं गेलं. चळवळीचं कार्यालय सरकारी जागेत होतं, ते खाली करायला लावलं आणि कारभार त्यांच्या घरात आला. पण बाहेरून पैसा देणारे मागे हटले आणि इमारत झाली नाही. पुढे करुरा जंगलाची जमीन मर्जीतल्या लोकांना वाटली जात होती. जानेवारी १९९९ मध्ये त्या तिथे झाड लावायला गेल्या, तेव्हा गुंडांनी त्यांचं डोकं फोडलं. पोलीस ठाण्यात तक्रारीवर त्यांनी स्वतःच्या रक्ताने सही केली. आज करुरा हजार हेक्टरहून मोठं जंगल म्हणून शहराच्या पोटात उभं आहे. लोक तिथे फिरायला जातात.

हे का सांगितलं? गायरान, ओढ्याचा काठ, गावतळं या जागा कुणाच्याच नसतात असं वाटतं, तेव्हाच कुणीतरी त्या आपल्या करून घेतं. रोप लावायला गेलं की कधीतरी जमिनीचा प्रश्न आडवा येतोच. तेव्हा घाबरायला होतं, हेही खरं.

२००२ मध्ये त्या निवडून आल्या, पुढच्या वर्षी पर्यावरण खात्याच्या उपमंत्री झाल्या आणि २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. आफ्रिकेतली पहिली बाई. २००७ ला त्या निवडणूक हरल्या. २०११ मध्ये गेल्या. माझ्यासाठी लाकडाची शवपेटी करायची नाही, असं सांगून ठेवलं होतं, म्हणून पेटी बांबू, लव्हाळ्यासारखं एक गवत आणि जलपर्णी यांची केली. चळवळीने आजवर लावलेली झाडं पाच कोटींच्या वर सांगतात.

आता नदी आणि समुद्र. नैरोबीजवळच्या उंच भागातून अथी नावाची नदी निघते. खाली जाता जाता तिचं नाव बदलतं, शेवटी तिला साबाकी म्हणतात, आणि मालिंदी गावाजवळ ती हिंदी महासागराला मिळते. डोंगरउतारावरची जी माती सुटते ती तिच्यातून समुद्रात जाते. पावसाळ्यात समुद्र लाल दिसतो, आणि तो गाळ तिथल्या प्रवाळांवर बसतो. प्रवाळ म्हणजे लहान माशांचं पाळणाघर. म्हणजे वर एका बाईने शेताला बांध घातला नाही, तर शेकडो किलोमीटर खाली दुसऱ्या बाईच्या घरात मासा कमी येतो. दोघी एकमेकींना ओळखतही नाहीत. जमीन, नदी आणि समुद्र यांची तीन वेगळी खाती सरकारात असतात. माती मात्र एकच असते.

त्या किनाऱ्यावर दक्षिणेला गाझी नावाचं गाव आहे. तिथे खाडीत कांदळवन आहे. आपल्या कोकणात जे कांदळ, तिवर आणि चिप्पी आहेत, तीच झाडं तिथे. गाझी आणि शेजारचं माकोंगेनी यांनी मिळून ११७ हेक्टर कांदळवन राखायचं काम घेतलं. त्या कामाचं नाव मिकोको पामोजा, त्यांच्या स्वाहिली भाषेत मिकोको म्हणजे कांदळ आणि पामोजा म्हणजे मिळून. कांदळवनाच्या चिखलात हवेतला कार्बन खूप साठून राहतो. तो तसाच राखल्याबद्दल बाहेरचे लोक पैसे देतात. तो पैसा गावाच्या समितीकडे येतो, त्यातून पिण्याच्या पाण्याची सोय झाली, शाळेला पुस्तकं आली. कांदळवनातून असा पैसा मिळवणारं जगातलं हे पहिलं गावपातळीचं काम. इथेही नियम तोच की राखलं तर पैसे. तोडलं, तर पुढच्या वर्षी नाही.

गाझीच्या बायांच्या गटाने कांदळवनातून लाकडी पायवाट केली आहे. पर्यटक त्यावरून फिरतात, बाया त्यांना घरचं जेवण करून घालतात. हे वाचताना सिंधुदुर्गातल्या वाचकांना हसू येईल. कारण वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत आपल्या बचत गटाच्या बाया होडी वल्हवत लोकांना कांदळवन दाखवतात. एकाच समुद्राच्या दोन टोकांना बायांना एकच युक्ती सुचली.

मोठी मोहीम कशी नसावी, यावरही केनियात चर्चा चालते. तिथल्या सरकारने २०३२ पर्यंत १५०० कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलंय. १३ नोव्हेंबर २०२३ ला तर झाडं लावायला अख्ख्या देशाला सुट्टी दिली आणि त्या दिवसाचं उद्दिष्ट होतं दहा कोटी. आपल्या राज्यातही २०१९ चं उद्दिष्ट ३३ कोटींचं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. अशा दिवशी उत्साह असतो, तो वाईट नाही. मी तेव्हा लावलेल्या दोन झाडांपैकी एक जांभूळ आहे अजून. पण १४ नोव्हेंबरला पाणी कुणी घातलं, हे कुठल्याच बातमीत येत नाही.

आता बैठकीचं काम. वेगळी वही नको, इतिवृत्ताच्या वहीतच मागची दोन पानं घ्या. रकाने असे आखा: कुणाच्या जागेत, कोणतं झाड, लावल्याची तारीख, राखणार कोण, आणि मग सप्टेंबर, जानेवारी, मे असे तीन रकाने. त्या तीन रकान्यांत फक्त 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं. बघायला जाताना दोघी जा, त्यातली एक दुसऱ्या गटातली असावी, म्हणजे कुणाची भीड पडत नाही. मे महिन्याचा रकाना चुकवू नका, खरी परीक्षा तीच. ग्रामसंघाला बक्षीस द्यायचं असेल तर मे महिन्यातल्या 'आहे' वर द्यावं.

चर्चेला दोन प्रश्न घ्या. तुमच्या गावातली माती पावसात कुठल्या ओढ्यात जाते, ओढा कुठल्या नदीला मिळतो आणि ती नदी शेवटी कुठल्या समुद्राला मिळते? मुलांना विचारा, नकाशा त्यांच्या पुस्तकात आहे. आणि गावात असं एखादं झाड होतं का की जे गेल्यावर झरा, विहीर किंवा ओढा बदलला? गटातल्या सगळ्यात वयस्कर आजींना आधी बोलू द्या.

पुढच्या अंकासाठी प्रत्येक गटाने एकच ओळ पाठवायची आहे: गेल्या पावसाळ्यात लावलेली इतकी, आज जिवंत इतकी. सहयोगिनी ताईंकडे चिठ्ठी दिली तरी चालेल. जिवंत आकडा शून्य असेल, तर शून्य लिहूनच पाठवा. गटाचं नाव छापणार नाही.